मुलांसाठी महाग घर: या हिशेबामागचा इतिहास

शहरातल्या महागड्या वस्तीत घर घ्यावं का, हा प्रश्न मुलं झाली की वेगळाच होऊन बसतो. एकट्या माणसाला कामाची जागा जवळ असली की पुरतं. आईवडील मात्र शाळा, मैदान, शांत रस्ता, हवा, शेजार अशी लांबलचक यादी घेऊन निघतात आणि तिच्यापायी ऐपतीच्या टोकापर्यंत जातात. 'चांगली वस्ती' म्हटलं की हे सगळं आलंच, असं आपण धरून चालतो. पण या यादीतली एकेक गोष्ट वेगळ्या काळात, वेगळ्या कारणाने तिच्यात शिरली आहे आणि त्यातल्या काही कारणांचा मुलांच्या भल्याशी फारसा संबंध नव्हता.

अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या बहुतेक शहरांत श्रीमंतांचा पत्ता म्हणजे मध्यवस्ती. पेढी खाली, कुटुंब वर. गरिबांना शहराच्या कडेला जागा. लंडनमध्ये हे चित्र उलटू लागलं त्याचं एक ठळक ठिकाण म्हणजे क्लॅपहॅम. बँकर हेन्री थॉर्नटन यांनी १७९२ मध्ये तिथे 'बॅटरसी राइज' हे घर घेतलं आणि विल्यम विल्बरफोर्स यांच्यासारखी धार्मिक वळणाची मंडळी आजूबाजूला जमली. शहरातली नाटकं, जुगार, गर्दी यांपासून बायकामुलं दूर असावीत, पुरुषाने दिवसा शहरात धंदा करावा आणि संध्याकाळी हिरवळीकाठच्या घरी परतावं, अशी ही कल्पना. घर आणि काम यांची फारकत इथे नैतिक कारणासाठी झाली. ती परवडत होती फक्त घोडागाडी बाळगणाऱ्यांना.

लवकरच त्याला आरोग्याचं कारण जोडलं गेलं, आणि ते खरोखर जिवाशी गाठ घालणारं होतं. ब्रिटनमधल्या मजुरांच्या आरोग्यावरच्या एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालात मृत्यूच्या सरासरी वयाचे आकडे आहेत. मँचेस्टरमध्ये सधन-सुशिक्षित घरांत ३८ वर्षं, मजुरांच्या घरांत १७. रटलंड या ग्रामीण परगण्यात मजुरांच्या घरांतही ३८. म्हणजे खेड्यातला मजूर आणि कारखान्यांच्या शहरातला साहेब एका पातळीवर! हे सरासरी वय इतकं खाली येतं ते मुख्यतः लहान मुलांच्या मृत्यूंमुळे. त्या काळी मोकळ्या हवेसाठी जास्त पैसे मोजणारा बाप मूल जगण्याची शक्यता विकत घेत होता. नळाचं स्वच्छ पाणी, भुयारी गटारं आणि लसी आल्यावर ही दरी बरीच बुजली. मोकळ्या वस्तीची वाढीव किंमत मात्र तशीच राहिली.

बंगला आणि बाग हीच कुटुंबाची नैसर्गिक जागा, असं मात्र कधीच नव्हतं. ओसमान या सरकारी अधिकाऱ्याने १८५३ नंतर पॅरिसची फेरबांधणी केली तेव्हा तिथला मध्यमवर्ग शहराच्या पोटातच राहिला, सदनिकांत. तिथे जुन्या इमारतींत उंच-नीच एकाच जिन्यावर असे: खालच्या मजल्यावर मालदार, माळ्यावर नोकरचाकर. लिफ्ट आली आणि वरचे मजले महाग झाले. कुटुंबाला काय मानवतं हे ठरवण्यात निसर्गापेक्षा तंत्राचा आणि सवयीचा हात मोठा असतो, असं मला यावरून वाटतं.

शाळा या यादीत मध्यभागी आणून बसवली ती अमेरिकन नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी त्यांनी 'नेबरहूड युनिट'ची कल्पना मांडली. मधोमध प्राथमिक शाळा, घरापासून पाव मैलाच्या आसपास, वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, वाहनांची वर्दळ वस्तीच्या कडेने जावी, सुमारे दहा टक्के जागा मोकळी असावी. आज जाहिरातीत जे जे मिरवलं जातं त्याचा नकाशा या एका आराखड्यात सापडतो. कल्पना चांगलीच होती. पण शाळा हा वस्तीचा केंद्रबिंदू झाल्यावर वस्तीचं कुंपण हेच शाळेचंही कुंपण होणार, हे ओघानेच आलं.

कुंपणं तेव्हा उभीच राहत होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये युक्लिड विरुद्ध अँबलर रिअल्टी या खटल्यात जमीनवापराचं झोनिंग, म्हणजे कुठल्या भागात काय बांधता येईल हे नियमाने ठरवणं, वैध ठरवलं. निकालपत्रात न्या. सदरलँड यांनी स्वतंत्र घरांच्या वस्तीत शिरणाऱ्या अपार्टमेंट इमारतीला परोपजीवी म्हटलं, आणि कारणांत शांत, मोकळ्या जागेत खेळण्याचा मुलांचा लाभ हिरावला जातो हेही दिलं. अपार्टमेंटमध्येही मुलंच राहतात, हे त्या युक्तिवादात कुठे नाही. त्याच काळात अनेक वस्त्यांच्या खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशी कलमं असत. १९४८ पर्यंत न्यायालयं ती अमलात आणत. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे रंगीत नकाशे काढले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्ज देण्यास धोक्याच्या. महाग वस्तीच्या भावात चांगल्या सोयींबरोबर कोणाला बाहेर ठेवलं याचीही किंमत मुरलेली असते, ती अशी.

शाळेमुळे भाव कसा उभा राहतो हे पाहायचं तर दक्षिण कोरियाच्या सोल शहरातलं गंगनम पाहावं. १९७० च्या सुमारास हान नदीच्या दक्षिणेला शेतीच जास्त होती. सरकारला लोक तिकडे हलवायचे होते, पण कोणी जाईना. १९७४ पासून सोलमध्ये हायस्कूलची प्रवेशपरीक्षा रद्द झाली आणि राहत्या विभागानुसार सोडतीने शाळा मिळू लागली. १९७६ मध्ये ग्यंगी हे नामांकित हायस्कूल नदीपलीकडे हलवण्यात आलं, इतरही गेली. परीक्षेतली चुरस संपवायला आणलेला नियम आणि शाळांचं स्थलांतर यांची गाठ पडली, आणि चुरस घराच्या पत्त्यात शिरली. गंगनम आज देशातल्या सर्वांत महाग भागांपैकी आहे.

अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये हाच परिणाम मोजला. बोस्टनच्या उपनगरांत घराच्या पत्त्यावरून शाळा ठरते; तिथल्या शाळेच्या हद्दीच्या अल्याड-पल्याडची घरं त्यांनी ताडून पाहिली. तोच परिसर, तेच रस्ते, फक्त शाळा वेगळी. शाळेचे गुण पाच टक्के जास्त असले तर घरासाठी लोक सुमारे अडीच टक्के जास्त मोजत होते. किंमत ठरते ती गुणांच्या सरासरीवर, आणि ती सरासरी बऱ्याच अंशी आधीच सुस्थित घरांतल्या मुलांमुळे वर असते. शिकवणं किती चांगलं, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

रस्त्याचा इतिहास मात्र याद्यांमध्ये मागेच पडतो. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सारख्याच तीन रस्त्यांचा अभ्यास केला. दिवसाला सुमारे २००० वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर रहिवाशाला सरासरी तीन मित्र होते, १६००० वाहनांच्या रस्त्यावर एकही पुरता नाही: ०.९. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात. १९९० मध्ये ९ टक्के. ही घसरण साऱ्या समाजाची होती, त्यामुळे महाग वस्तीही तिच्यातून सुटलेली नसणार. दारात दोन गाड्या असलेली शंभर घरं मिळून शाळेबाहेर जी कोंडी करतात ती पाहिली की 'शांत वस्ती' हा दावा सकाळी आठ वाजता तपासावा असं वाटतं.

मग महाग वस्तीने मुलांचं खरंच भलं होतं का? यावरचा सर्वांत नेटका पुरावा १९९४ ते १९९८ च्या अमेरिकन सरकारी प्रयोगातून आला. पाच शहरांतल्या सरकारी घरांत राहणाऱ्या सुमारे ४६०० गरीब कुटुंबांमधून सोडत काढून काहींना कमी गरिबीच्या भागात राहायला भाड्याची मदत दिली. राज चेट्टी, नॅथनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी पुढे हिशेब मांडला. तेराव्या वर्षाआधी हललेल्या मुलांची विशी ओलांडल्यावरची कमाई सुमारे ३१ टक्के जास्त निघाली. तेरा ओलांडल्यावर हललेल्यांना फायदा नाही, उलट किंचित तोटाच झाला. बहुधा मित्र आणि शाळा तुटण्याचा. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हे स्थलांतर दाट गरिबीतून बाहेर पडण्याचं होतं, बऱ्या वस्तीतून अतिमहाग वस्तीत जाण्याचं नव्हे. आणि लाभ तिथे काढलेल्या वर्षांवर अवलंबून होता. दहावीच्या तोंडावर कर्ज काढून घर बदलणाऱ्यांना हा आकडा दाखवून उपयोग नाही.

चेट्टी यांच्याच गटाने २०१८ मध्ये अमेरिकेच्या जनगणना कार्यालयासोबत वस्तीवार नकाशा प्रसिद्ध केला. त्यात भाडं जवळपास सारखं, अंतर थोडं, तरी तिथे वाढलेल्या मुलांची पुढची मिळकत बरीच वेगळी अशी ठिकाणं दिसली. भाव आणि संधी नेहमी एकत्र चालत नाहीत. सिॲटल परिसरात मग एक प्रयोग झाला: भाडेमदत मिळालेल्या काही कुटुंबांना घर शोधण्यात, घरमालकाशी बोलण्यात आणि अनामतीच्या रकमेत हात दिला. अशी साथ मिळालेल्यांपैकी ५३ टक्के कुटुंबं चांगल्या संधीच्या भागात गेली. भाडेमदत होती पण साथ नव्हती, अशांपैकी १५ टक्के.