दिवाळी फंड, सोन्याची भिशी बुडाली तर पैसे कसे मागायचे: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वाट

दरमहा पाचशे-हजार भरायचे आणि सणाच्या तोंडावर एकरकमी रोख, किराणा किंवा दागिना घ्यायचा, अशा योजना गल्लोगल्ली चालतात. कुणी त्या दिवाळीवर धरतो, कुणी गणपतीवर, कुणी नाताळवर. त्या बुडतातही नेमक्या सणाआधीच, कारण सगळ्यांचे पैसे एकाच आठवड्यात द्यायचे असतात आणि गल्ल्यात तेवढे नसतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये डोंबिवली-ठाण्यात गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली, तेव्हा दिवाळी जेमतेम आठवड्यावर होती.

आधी एवढं ठरवा की पैसे नक्की कशात अडकले आहेत, कारण दारं वेगवेगळी आहेत. बँक असेल तर ठेव विम्याचं पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. तिथे एफआयआरसोबत सहकार निबंधकांकडेही अर्ज करावा लागतो. नोंदणीकृत चिट फंड असेल तर १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली चिट निबंधकांकडे वाद दाखल होतो. दुकानदाराने, एजंटने किंवा एखाद्या कंपनीने चालवलेला फंड, सोन्याची मासिक योजना, 'अकरा हप्ते तुमचे, बारावा आमचा' अशा सगळ्यांसाठी मुख्य हत्यार म्हणजे महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९. पोलीस ठाण्यात त्याला सगळे 'एमपीआयडी' म्हणतात.

पात्र कोण

ठेवीदार म्हणून दावा करायला किमान रकमेची अट नाही. दोन हजार अडकलेली मोलकरीण आणि दोन लाख अडकलेला नोकरदार एकाच यादीत बसतात. 'ठेव' म्हणजे फक्त व्याजाची मुदत ठेव असंही नाही: ठरलेल्या मुदतीनंतर रोख, वस्तू किंवा सेवेच्या रूपात परत करायचं म्हणून घेतलेला पैसा ठेवच. सोनं घेऊन ठेवलं असेल तर तेही.

अडचण येते ती अपवादांत. मालाच्या ऑर्डरपोटी धंद्यात घेतलेला ॲडव्हान्स आणि चिटची वर्गणी या व्याख्येतून वगळलेली आहे. सराफाचा वकील पहिल्याच तारखेला म्हणणार, 'ही ठेव नव्हे, दागिन्याचा ॲडव्हान्स होता.' म्हणून तक्रारीत नुसतं 'सोन्यासाठी पैसे भरले' लिहू नका. किती हप्ते, शेवटी किती बोनस, रोख परतीचा पर्याय होता का, कोणत्या तारखेला काय मिळणार होतं, हे योजनेच्या पत्रकातल्याच शब्दांत लिहा. शिवाय २०१९ चा केंद्राचा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आहे. त्यात ॲडव्हान्स परत देण्याची तारीख उलटून पंधरा दिवस झाले की ती रक्कम ठेव मानली जाते. तक्रारीत त्याचाही उल्लेख करा.

(सोन्याच्या बहुतेक योजना अकराच महिन्यांच्या का? कंपन्यांच्या ठेव नियमांनुसार मालाचा ॲडव्हान्स ३६५ दिवसांत मालात वळता झाला नाही तर तो ठेव ठरतो. अठरा किंवा चोवीस महिन्यांची योजना दिसली तर तिथेच थांबावं.)

कागदपत्रं

आधार आणि पॅनची प्रत, हप्त्याचं कार्ड किंवा पासबुक, पावत्या, योजनेचं पत्रक, दुकानाच्या बोर्डाचा फोटो, पैसे घेणाऱ्याचं नाव आणि नंबर, स्वतःच्या खात्याचा रद्द केलेला चेक. यूपीआयने भरले असतील तर नुसते स्क्रीनशॉट देऊ नका. बँकेकडून शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या आणि प्रत्येक नोंदीचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) अधोरेखित करा. व्हॉट्सॲपचा ग्रुप सोडू नका, फोन विकू नका. चॅट पुरावा म्हणून वापरायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी असलेला बरा.

पावतीच नाही, अशी माणसंही बरीच असतात. त्यांनी तारीखवार तक्ता करावा: केव्हा, किती, कुणाच्या हातात, सोबत कोण होतं. पगाराच्या दिवशी एटीएममधून काढलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये दिसत असेल तर तीही जोडावी. एजंटच्या वहीत नाव सापडलं की असा दावा उभा राहतो. खातेदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा लागेल.

मूळ कार्ड कुणालाही देऊ नका, 'सगळ्यांची एकत्र फाइल करतोय' म्हणणाऱ्या पुढाऱ्याला तर नाहीच. पोलिसांनी मूळ कागद जप्त केला तर पंचनाम्यात त्याची नोंद झाली का ते पाहा आणि पोच घ्या.

तक्रार

पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. रक्कम मोठी असेल तर तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे जातो. गुन्हा आधीच नोंदला असेल तर नवा एफआयआर बहुधा होत नाही, त्याच गुन्ह्यात तुमचा जबाब घेतात. त्यासाठी गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) माहीत हवा. जबाबाखाली सही करण्याआधी रकमेचा आकडा वाचा. हप्ते आणि बोनस एकत्र मिळवून लिहिलेला आकडा पुढे पडताळणीत अडतो. मुद्दल वेगळं, कबूल केलेला फायदा वेगळा, आणि आधी काही परत मिळालं असेल तर तेही वेगळं दाखवा.

एफआयआरमध्ये एमपीआयडीचं कलम ३ आहे ना, हे तपासा. नुसतं फसवणुकीचं कलम लागलं तर आरोपीला अटक होईल, पण एमपीआयडीखालच्या जप्तीचा प्रस्ताव पुढे सरकणार नाही. तक्रार घेतलीच नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा (शहरात आयुक्तालयाला), आणि तिथेही दाद नाही लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. ही सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ आणि १७५ मध्ये आहे. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते.

रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही तक्रार करता येते. ती संबंधित यंत्रणेकडे जाते, पण तिने एफआयआरचं काम भागत नाही.

जप्ती आणि दावा

इथून पुढे लोक कंटाळतात, आणि पैसे तर इथेच असतात. एमपीआयडीच्या कलम ४ खाली शासन राजपत्रात आदेश काढून मालमत्ता जप्त करतं. संस्थेची मालमत्ता पुरली नाही तर प्रवर्तक, भागीदार, संचालक यांची घरं-जमिनीही त्यात घेता येतात. ठेवींच्या पैशातून दुसऱ्याच्या नावावर घेतलेली मालमत्ताही येते. म्हणून आरोपीच्या मेहुण्याच्या नावावरचा फ्लॅट तुम्हाला माहीत असेल तर सातबारा किंवा इंडेक्स दोनच्या (खरेदी दस्ताच्या उताऱ्याच्या) नोंदीसह तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा.

ब्रिटनमध्ये १३ ऑक्टोबर २००६ ला फेअरपॅक ही नाताळ बचत कंपनी बुडाली. लाखाहून अधिक ग्राहकांचे पैसे मूळ कंपनीच्या खात्यात वळते झाले होते आणि ग्राहक ठरले विनातारण धनको, म्हणजे रांगेत शेवटचे. त्यानंतर तिथल्या नाताळ बचत कंपन्यांनी २००७ मध्ये संघटना काढून ग्राहकांचे पैसे वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे सराफाचा हप्ता थेट धंद्यात जातो. त्यामुळे बुडाल्यावर जप्ती हाच आधार.

जप्त मालमत्ता सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. हा अधिकारी उपजिल्हाधिकारी दर्जाच्या खालचा नसतो. जप्ती कायम करण्यासाठी तो तीस दिवसांत विशेष न्यायालयात अर्ज करतो, आणि हरकती ऐकून न्यायालय निर्णय देतं. लिलावानंतर रक्कम ठेवीदारांत न्याय्य प्रमाणात वाटली जाते. दावे मागवणारी जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते, घरी पत्र येईलच असं नाही. म्हणून दर महिन्याला सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात डोकावून यादीत आपलं नाव, रक्कम, खाते क्रमांक आणि आयएफएससी बरोबर आहे का ते पाहा. पोलिसांकडे जबाब दिला म्हणजे दावा दाखल झाला, असं समजू नका. विवाहानंतर नाव बदललेल्या बायकांचे दावे कार्डावर एक नाव आणि खात्यावर दुसरं, एवढ्यावरून अडतात. राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच जोडा.

सोबतचे मार्ग

दागिना मिळाला नाही म्हणून ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. एजंटने 'केस नको, चेक घ्या' म्हणत पुढच्या तारखेचा चेक दिला तर तो घ्या, पण तक्रार मागे घेऊ नका. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला पंधरा दिवस, आणि ते संपल्यावर एक महिन्याच्या आत चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली फिर्याद. यातली एक तारीख जरी चुकली तरी ती फिर्याद अडचणीत येते.