ग्रीन कार्डची रांग जन्मदेशावर का ठरते?

ग्रीन कार्डची, म्हणजे अमेरिकेत कायम राहायच्या परवान्याची वाट बघणाऱ्या आपल्या लोकांना दर महिन्याला एकच प्रश्न असतो, व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं सरकारी पत्रक) आलं का, डेट सरकली का. ही रांग समजून घ्यायची तर शंभराहून जास्त वर्षं मागे जायला लागतं.

1882 ला चिनी मजुरांवर बंदी आली, 1917 ला भारतासकट आशियाचा मोठा पट्टाच बंद केला. जे आधीच तिथे होते त्यांचं काय? भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन आर्मीत होता, युनिफॉर्मवर पगडी घालून, पण 1923 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो हा नाही, सबब नागरिकत्व नाही. त्याचे वकील सखाराम गणेश पंडित, स्वतः अमेरिकन नागरिक, तर सरकारने त्यांचंही नागरिकत्व काढून घ्यायला केस टाकली. पंडित लढले आणि जिंकले, हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

1924 ला देशवार कोटे पक्के झाले. 1946 ला भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क आणि कोटा मिळाला, वर्षाला 100 माणसं, अख्ख्या हिंदुस्थानातून!

1965 चा कायदा मोठा, जुने वंशावर बेतलेले कोटे गेले, डॉक्टर-इंजिनियर जायला लागले. पण देशवार मर्यादा राहिलीच. 1990 ला नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000 ठरली, त्यात बायको-मुलंही मोजतात, आणि एका देशाला जास्तीत जास्त 7 टक्के, मग तो आइसलंड असो की भारत. एच-वन-बीला, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाला मात्र देशाची अट नाही, म्हणजे आत यायचं दार रुंद आणि पुढचं एकदम अरुंद, मग तुंबणारच ना.

त्यात देश धरतात तो जन्माचा, पासपोर्टचा नाही. समजा दोन भाऊ, दोघंही पुण्यात वाढलेले, पण एक जन्मला मस्कतला कारण वडील तेव्हा तिकडे नोकरीला होते, तर तो ओमानच्या खात्यात जातो आणि आधी सुटतो, दुसरा भारताच्या रांगेत वर्षानुवर्षं. बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर तिचा देश लावता येतो. मुलं मात्र 21 ची झाली की बहुतेक वेळा आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात, तिथेच शाळा शिकलेली असली तरी.