युनिक्सची वसुलीची वही: प्रोसेस अकाउंटिंगची पार्श्वभूमी

फोंड्यात सायबर कॅफेंची चलती होती तेव्हा काउंटरवर एक लांबट वही असायची: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, पैसे. मिनिटांप्रमाणे वसुली करायची, एवढाच तिचा हेतू. पुढे ओळखपत्राचा रकाना वाढला आणि वही पाळतीच्या कामाला लागली. युनिक्स या संगणक-प्रणालीतल्या प्रोसेस अकाउंटिंगचेही, म्हणजे कोणत्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) यंत्र किती वापरले याच्या नोंदींचेही, असेच झाले.

1961 साली एमआयटीत सीटीएसएस ही यंत्राचा वेळ अनेकांत वाटणारी प्रणाली दाखवली गेली तेव्हापासून एका महागड्या यंत्रावर अनेकजण एकाच वेळी काम करू लागले. मग कोणी किती सेकंद सीपीयू खाल्ला, हे लिहिणे आलेच. बेल लॅब्जमध्ये 1969 साली जन्मलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (1979) त्यासाठी 'अ‍ॅक्ट' हा सिस्टिम कॉल (कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, करायची मागणी) होता. प्रोसेस संपली की कर्नल एक छोटी नोंद टाकतो: आज्ञेचे नाव, वापरकर्ता, सुरुवातीची वेळ, खर्च झालेला सीपीयू. जागेची काटकसर इतकी, की वेळेचा आकडा 16 बिटांत कोंबलेला, 13 बिट संख्येला आणि 3 घाताला. ही झाली कीर्द. 'एसए' ही आज्ञा तिची खतावणी करते.

सिस्टिम फाइव्ह या नंतरच्या युनिक्समध्ये तर सुट्ट्यांची वेगळी फाइल होती. कामाच्या वेळेतला वापर एका खात्यात, रात्रीचा आणि सुट्टीचा दुसऱ्यात. ती दरवर्षी हाताने बदलायची. गोव्यात 3 डिसेंबरचे फेस्त आणि 19 डिसेंबरचा मुक्तिदिन जागचे हलत नाहीत, पण चवथ (गणेश चतुर्थी) दरवर्षी नव्या तारखेला. फाइल बदलायला विसरले, की ऐन चवथीचा वापर कामाच्या दिवसात धरला जाणार!

1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हिशेबात 75 सेंटची तफावत आली. ती शोधण्याचे काम क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाकडे आले आणि धागा थेट जर्मनीतल्या घुसखोरापर्यंत गेला. बिलाच्या वहीने चोर पकडून दिला.

'सिसलॉग' या प्रोग्रामांचे निरोप लॉगमध्ये लिहिणाऱ्या व्यवस्थेचे कूळ वेगळे. एरिक ऑलमन यांनी 1980च्या दशकात सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रामसाठी ते लिहिले. प्रमाणित रूप आरएफसी 5424 या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजात, 2009 साली आले. लॉग म्हणजे प्रोग्रामने स्वतःबद्दल सांगितलेले, अकाउंटिंग म्हणजे कर्नलने पाहिलेले. माझा भरवसा दुसऱ्यावर जास्त, पण तिथेही वसुलीची नजर आड येते. नोंद होते ती प्रोसेस संपल्यावरच, त्यामुळे वर्षभर चालू असलेला सर्व्हर वहीत दिसतच नाही आणि यंत्र कोसळले तर त्या क्षणी चालू असलेले सगळे बेपत्ता. फाइल पुसणारे 'आरएम' चालवले हे कळते, काय पुसले ते नाही. बिलाला त्याची गरजच नव्हती. युनिक्सच्या वळणाच्या लिनक्समध्ये प्रोसेसचा क्रमांकसुद्धा नोंदीच्या तिसऱ्या स्वरूपात आला.

शिवाय डिस्कवर 2 टक्क्यांहून कमी जागा उरली की लिनक्सचा कर्नल लिहिणे थांबवतो आणि 4 टक्के मोकळी झाल्यावरच पुन्हा सुरू करतो. पसरकाराची (वाण्याची) वही भरली तर तो नवी आणेपर्यंत उधारी थांबवेल. इथे उधारी चालूच राहते, फक्त लिहिली जात नाही. ज्याला आपली नोंद नको असेल, त्याने आधी डिस्क भरावी.