रूरचा ताबा (१९२३–२५)

पहिल्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईची देणी जर्मनीने थकवल्याचे कारण देऊन फ्रान्स आणि बेल्जियम यांनी ११ जानेवारी १९२३ रोजी पश्चिम जर्मनीतल्या रूर या कोळसा आणि कारखान्यांच्या खोऱ्यात सैन्य घुसवले. कर्ज, सैन्य आणि माघार या तिन्ही गोष्टी एकाच गाठीत कशा अडकतात, हे या घटनेइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

मे १९२१ मध्ये लंडनला ठरलेल्या वेळापत्रकानुसार जर्मनीचे देणे १३,२०० कोटी सुवर्ण मार्क (सोन्याच्या मूल्यात मोजलेले जर्मन चलन) होते. त्यातले ८,२०० कोटी मुख्यतः कागदावरचे. खरी मागणी ५,००० कोटींची होती. पैशांखेरीज कोळसा, लाकूड असा मालही द्यायचा होता. फ्रान्सही कर्जबाजारीच होता. युद्धात त्याने अमेरिका आणि ब्रिटनकडून पैसे उचलले होते. जर्मनीची भरपाई आणि मित्रराष्ट्रांची कर्जे यांचा एकमेकांशी संबंध नाही, ही अमेरिकेची भूमिका. अमेरिका आपल्याकडून वसूल करील तेवढेच आम्ही इतरांकडून मागू, असे ब्रिटनने १९२२ मध्ये जाहीर केले. म्हणजे प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे, आणि साखळीच्या शेवटी जर्मनी.

डिसेंबर १९२२ मध्ये तारांच्या खांबांसह लाकडाचा पुरवठा अपुरा पडल्याचे मित्रराष्ट्रांच्या भरपाई आयोगाने नोंदवले. पाठोपाठ जानेवारीत कोळशाचा. ब्रिटनने दोन्ही वेळा विरोधी मत दिले. फ्रेंच पंतप्रधान प्वँकारे यांचे म्हणणे असे, की पैसे मिळत नसतील तर उत्पन्न देणारे तारण हाती घ्यावे. खाणी आणि रेल्वे हे ते तारण.

तारण हाती आले, उत्पन्न मात्र आले नाही. जर्मन सरकारने असहकार पुकारला. खाणकामगारांनी काम थांबवले, रेल्वे कर्मचारी उठून गेले, लाखाहून अधिक लोकांना ताबा घेणाऱ्यांनी प्रदेशाबाहेर हाकलले. ३१ मार्चला, ईस्टरच्या आदल्या दिवशी, एसेनच्या क्रुप कारखान्यात फ्रेंच तुकडी गाड्या ताब्यात घेण्यासाठी आली. भोंगे वाजले, कामगार जमले, गोळीबार झाला आणि १३ कामगार मेले. घरी बसलेल्यांचा पगार देण्यासाठी बर्लिनने नोटा छापल्या. जानेवारीत सुमारे १८ हजार मार्कांना मिळणारा डॉलर नोव्हेंबरात ४.२ लाख कोटी मार्कांवर गेला. आयुष्यभर साठवलेली पुंजी पावाच्या किमतीलाही पुरेना. माझ्या मते या ताब्याची सर्वांत मोठी किंमत या साध्या बचतदारांनी मोजली. सप्टेंबरात चॅन्सेलर, म्हणजे जर्मन सरकारप्रमुख, श्ट्रेझेमान यांनी असहकार मागे घेतला.

महायुद्धानंतर जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी ठेवलेल्या सैन्याबाबत अमेरिकेची भूमिका वेगळी होती. कोब्लेंत्सजवळच्या एरेनब्राइटश्टाइन किल्ल्यावरचा आपला झेंडा तिने २४ जानेवारी १९२३ रोजी उतरवला. सैनिक परतले, पण तिथे राहण्याच्या खर्चापोटी सुमारे २५ कोटी डॉलरचा दावा मागे राहिला.

माघारीवरून खरी रस्सीखेच १९२४ च्या लंडन परिषदेत झाली. श्ट्रेझेमान यांना सैन्य तत्काळ निघायला हवे होते. नवे फ्रेंच पंतप्रधान एरिओ वर्षभराची मुदत मागत होते, कारण रिकाम्या हाताने परतणे पॅरिसमध्ये खपले नसते. भरपाईच्या हप्त्यांची नवी आखणी करणाऱ्या डॉज योजनेने सैनिकांच्या जागी दुसरे तारण ठेवले: जर्मन रेल्वेचे रोखे, अबकारी आणि जकातीचे उत्पन्न, शिवाय बर्लिनमध्ये बसणारा परदेशी वसुली अधिकारी. वार्षिक हप्ता १०० कोटी मार्कांपासून सुरू होऊन पाचव्या वर्षी २५० कोटींवर जायचा होता आणि सुरुवातीला ८० कोटींचे आंतरराष्ट्रीय कर्ज मिळणार होते. एरिओंची मुदत मान्य झाली. डॉर्टमुंडचा भाग लगेच मोकळा झाला. ऑगस्ट १९२५ मध्ये ड्युसेलडॉर्फ आणि ड्यूसबर्गमधूनही शेवटच्या तुकड्या निघाल्या. ऱ्हाइनलँडमधले, म्हणजे ऱ्हाइनकाठच्या जर्मन प्रदेशातले, सैन्य पुढे भरपाईच्या पुढच्या फेरआखणीच्या, यंग योजनेच्या, वाटाघाटींना जोडले गेले आणि ३० जून १९३० रोजी, ठरल्या मुदतीच्या ५ वर्षे आधी, तेही परतले.

१९३२ मध्ये लोझान परिषदेने भरपाई जवळजवळ संपवली. डॉज आणि यंग योजनांच्या कर्जरोख्यांची थकबाकी १९५३ च्या लंडन कराराने पुन्हा बांधली गेली; त्यातल्या थकलेल्या व्याजाचा शेवटचा हप्ता एकत्रित जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी भरला.