माशी शिंकते कुठे?

मे महिन्यात आमच्याकडे आमरसाचं जेवण असलं की एकाच्या हातात वर्तमानपत्राची सुरळी असतेच. जेवणारे चार, माशा मारणारा एक. सुरळी ताटाशेजारी आदळते तोवर माशी पलीकडच्या वाटीच्या काठावर बसून पाय चोळत असते. “चिडवतेय बघ मेली,” असं आजी म्हणायची.

चिडवत नसते, पाय साफ करत असते. माशीला चव पायांनी कळते. पायांच्या टोकांवरच्या बारीक केसांत चव ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांवर काही चिकटलं की समोरचा पदार्थ खाण्याजोगा आहे का, हे तिला नीट कळत नाही. म्हणून ही सारखी झाडपूस. तोंड मात्र स्पंजासारखं. तिला चावता येत नाही, फक्त टिपता येतं. साखरेचा दाणा, पोळीचा तुकडा असं कोरडं काही दिसलं की ती आधी त्यावर लाळ आणि पोटातलं थोडं पाणी ओकते आणि विरघळलेलं शोषून घेते. आधीचा मुक्काम उकिरड्यावर किंवा विष्ठेवर झाला असेल, तर हगवण, टायफॉइड, कॉलरा यांचे जंतू पायांवरून आणि या ओकारीतून आपल्या ताटात येतात.

आता सुरळी का चुकते ते पाहू. माशीचे डोळे हालचाल आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने टिपतात, म्हणून आपला झपाटा तिला संथ दिसतो. केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या चिलटांवर, म्हणजे फळमाशांवर, अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेत ग्विनेथ कार्ड आणि मायकेल डिकिन्सन यांनी वेगवान कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. धोका समोरून आला तर चिलट उडण्याच्या आधीच पाय असे रोवतं की उडी मागे जाईल. मागून आला तर पुढे. ही तयारी सेकंदाच्या पाचव्या हिश्शात उरकते. म्हणून फटका माशी बसलीय तिथे नाही, ती जिथे निसटेल त्याच्या अंदाजाने मारावा. हे वाचल्यापासून माझा नेम थोडा सुधारलाय. माशा मात्र कमी झाल्या नाहीत, आणि होणारही नव्हत्या.

कारण माशी शिंकत होती भलतीकडेच. आम्ही बाल्कनीत ओल्या कचऱ्याची बादली ठेवतो, खत करायला. एका रविवारी ती उचलली, तर खाली भाजलेल्या गव्हासारखे तपकिरी दाणे पडलेले. ते माशांचे कोष होते. अळी वाढते ती ओल्या, कुजत्या जागी, पण कोषात जायची वेळ आली की कोरडी जागा शोधत बाहेर सरपटते. दहा-बारा कोष बरणीत घालून वर फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एकाचं टोपण उचकटत होतं. आतली माशी डोक्यावरची एक पिशवी फुगवून त्याला रेटे देते. बाहेर आली ती फिकट राखाडी, पंख चुरगळलेले. आधी नुसतीच चालत राहिली, मग हळूहळू पंख ताठ झाले.

पंख आले की माशी वाढत नाही. लहान माशी म्हणजे मोठीचं पिल्लू, हा समज चुकीचा. अंडं, अळी, कोष हा सगळा प्रवास आपल्याकडच्या उन्हाळ्यात सात ते दहा दिवसांत उरकतो. मादी एका खेपेला शंभरेक अंडी घालते आणि अशा चार-पाच खेपा करते. म्हणजे आज ताटावर घोंगावणारी माशी आठवड्याभरापूर्वीच्या कचऱ्यातून आलेली. आणि तो कचरा आपलाच असेल असंही नाही. माशी सहज एक-दोन किलोमीटर लांबून येते. गावाशेजारी अंड्यांची पोल्ट्री असेल आणि पिंजऱ्यांखालची विष्ठा पाणी गळून भिजत असेल, तर घराघरांत औषध मारून काय होणार? तिथली गळती थांबली, विष्ठा कोरडी राहिली, तर अळ्या जगत नाहीत.

औषधाची तर जुनीच गोष्ट. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधल्याबद्दल पॉल म्यूलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं. त्याच्या एक-दोन वर्षं आधीच युरोपातल्या घरमाशा डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या. दोन आठवड्यांत पिढी बदलणाऱ्या प्राण्याशी फवारणीच्या शर्यतीत जिंकणं अवघडच. खानावळीच्या दारात टांगलेल्या पाण्याच्या पिशव्यांबद्दल मी गप्पच बसतो. त्या पिशवीवरच निवांत बसलेली माशी मी पाहिलीय. त्यापेक्षा जेवणाच्या टेबलावर पंखा बरा, वाऱ्यात तिला नीट उतरता येत नाही.

आता प्रत्येक वेळी कचऱ्यावर कोरड्या पानांचा किंवा भुशाचा चांगला जाड थर घालतो, बादलीला झाकण असतं, आणि दर रविवारी ती उचलून खालची फरशी झाडतो. जूनमध्ये बारा दिवस गावी गेलो आणि फणसाच्या चारखंडांनी भरलेली बादली तशीच उघडी राहिली. परत आल्यावर बाल्कनीचं दार उघडलं, तर कपडे वाळत घालायची दोरी काळी दिसत होती. जवळ गेलो तशी ती दोरी उडाली.