बिटकॉइनची किल्ली आणि दोघांची वही

‘माझ्या मोबाइलमध्ये बिटकॉइन आहेत’ असं लोक सहज म्हणतात. मोबाइलमध्ये असते ती नुसती किल्ली, म्हणजे २५६ बिटांचा एक आकडा. हिशोब असतो जगभरच्या हजारो संगणकांवर जपलेल्या एकाच खातेवहीत. त्या आकड्याने केलेली सही जुळली की रक्कम हलते. सही करणारा खरा मालक की चोर, हे वही विचारत नाही.

सहीची ही तऱ्हा बिटकॉइनच्या आधीची. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये खुल्या आणि खासगी किल्ल्यांची कल्पना मांडली: खासगीने सही करायची, खुलीने ती कुणीही तपासायची. डेव्हिड चॉम यांनी त्या वाटेने डिजिटल रोकड आणली, पण एकच रक्कम दोनदा खर्च होऊ नये म्हणून मधे बँक लागायचीच. त्यांची डिजिकॅश कंपनी १९९८ मध्ये बुडाली. सातोशी नाकामोटो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी आलेल्या बिटकॉइनच्या नऊ पानी टिपणाने मधली बँक काढून टाकली. वही ३ जानेवारी २००९ ला सुरू झाली.

बँक गेली, तशी ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून जायची खिडकीही गेली. २०१३ पासून किल्ली बारा किंवा चोवीस साध्या शब्दांत कागदावर उतरवता येऊ लागली; पण तो कागद ज्याच्या हाती, पैसे त्याचे. हा जाच नको म्हणून अनेकांनी किल्ली एक्सचेंजकडे, म्हणजे बिटकॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, सोपवली. टोकियोचं माउंट गॉक्स २०१४ मध्ये साडेआठ लाख बिटकॉइन हरवल्याचं सांगत दिवाळखोरीत गेलं. मुंबईच्या वझीरएक्समधून जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरचा ऐवज गेला, आणि तिथे तर एकाहून अधिक सह्या जुळल्याशिवाय न उघडणारं कुलूप होतं.

दुसरी अडचण वेगाची. दहा मिनिटांना साधारण एक पान, सेकंदाला जेमतेम सात व्यवहार. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी २०१५ मध्ये सुचवलेलं लाइटनिंग, म्हणजे मुख्य वहीबाहेर झटपट व्यवहार करायची सोय, आपल्या वाण्याकडच्या वहीसारखं चालतं, फक्त उधारीऐवजी पैसे आधी ठेवायचे. समजा, मी हजार रुपयांचे बिटकॉइन दोघांच्या सह्यांच्या कुलपात ठेवले. शंभराची साखर घेतली: नवं पान, ९००-१००. पन्नासाचे पोहे: ८५०-१५०. मुख्य वहीत जातो फक्त पहिला आणि शेवटचा हिशोब.

मी ९००-१०० चं जुनं पान पुढे केलं तर? नवं पान लिहिताना जुन्याचं गुपित मी वाण्याला दिलेलं असतं. माझे पैसे मोकळे व्हायला ठरावीक वेळ लागतो. तेवढ्यात तो गुपित वापरून सगळी रक्कम उचलतो. मात्र त्या वेळात त्याचं लक्ष हवं, म्हणून मग पहारा देणारे ‘वॉचटॉवर’ आले.

व्यवहाराच्या नोंदीतून सही वेगळी काढणारा सेगविट हा बिटकॉइनच्या नियमांतला बदल ऑगस्ट २०१७ मध्ये लागू झाल्यावर हे सगळं सुकर झालं आणि २०१८ मध्ये लाइटनिंग खऱ्या पैशांवर चालू लागलं. आता ते सोप्या ॲपमधूनही वापरता येतं. त्यातल्या काही ॲपमध्ये किल्ली पुन्हा कंपनीकडेच असते.