भरलेली ऑफ-रोड गाडी मागून का बसते?

छतावर तंबू, मागे पाण्याच्या टाक्या आणि हूकला ट्रेलर, एवढे झाले की आजच्या बहुतेक ऑफ-रोड गाड्या मागून बसतात. यामागे गाड्यांच्या स्प्रिंग मऊ होत गेल्याचा इतिहास आहे.

घोडागाडीच्या काळापासून ओझे कमानपाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगवर असे. लंडनच्या ओबाडाया एलियटने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार कमानींचे पेटंट घेतले. कमानपाटे पुढे ट्रकला, १९४१ च्या विलीज जीपला आणि १९४८ च्या लँड रोव्हरलाही लागले. पाटा वजन पेलतो, एक्सल (चाकांचा आस) जागेवर धरतो आणि पाने एकमेकांवर घासल्याने गाडीची उसळीही थोडी शमवतो. वजन वाढले तर आणखी एक पान घालायचे. रिकामी गाडी मात्र हाडे खिळखिळी करायची.

१९७० च्या रेंज रोव्हरमध्ये अभियंते स्पेन किंग यांनी चारही चाकांना लांब, मऊ कॉइल (वेटोळ्याच्या) स्प्रिंग दिल्या. खडबडीत वाटेवर चाके जमीन धरून राहू लागली, पण मऊ स्प्रिंग ओझ्याखाली दबणारच. म्हणून मागच्या एक्सलवर मधोमध बोगे कंपनीचे हायड्रोमॅट नावाचे उपकरण बसवले. त्याला वेगळा पंप नव्हता. रस्त्यावर एक्सल वरखाली झाला की त्याच हालचालीने आतला दाब वाढे आणि थोडे अंतर गेल्यावर गाडीचा मागचा भाग आपोआप वर येई. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत देखणी वाटते ती हीच युक्ती. १९९२ मध्ये त्याच गाडीत कॉम्प्रेसर आणि उंची मोजणारे सेन्सर असलेले एअर सस्पेन्शन, म्हणजे कॉइलऐवजी हवेच्या स्प्रिंग, आले.

१९९० ची टोयोटाची लँड क्रूझर ८० मालिकाही कॉइलवर गेली. पण उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा मोजक्याच गाड्यांना मिळाली. बाकीच्यांसाठी जाड स्प्रिंग आणि कॉइलच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या यांचा बाजार उभा राहिला.

ट्रेलरचे गणित मात्र निव्वळ स्प्रिंगने सुटत नाही. समजा, टो बॉलवर (ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावर) १५० किलो आहेत, बॉल मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे आहे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधले अंतर, २.८ मीटर आहे. तरफेच्या नियमाने मागच्या एक्सलवर सुमारे २१४ किलो येतात आणि पुढच्या चाकांवरून ६४ किलो कमी होतात. स्टिअरिंग हलके पडते, हेडलाइट वर बघू लागतात. मागे जाड स्प्रिंग घातली की गाडी सरळ दिसते, पण ते ६४ किलो पुढे परत जात नाहीत. ते काम वजन विभागणारा हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) करतो. त्याच्या ताणलेल्या दांड्या बॉलवरचा काही भार गाडीच्या पुढच्या आणि ट्रेलरच्या एक्सलवर ढकलतात.

पाट्यांच्या पिकअपला हवेच्या पिशव्या लावताना आणखी जपावे लागते. पाटा आपला भार चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) दोन टोकांना वाटतो, तर पिशवी तो मधल्या एकाच जागी देते. मागे लांबवर ओझे लटकत असेल, तर चासी नेमकी तिथेच वाकल्याचे प्रकार घडले आहेत.